मदत हवी आहे: भटकी मांजर जिन्याखाली व्याली, तिच्या नसबंदीबद्दल (परभणी)

तीन आठवड्यांपूर्वी एक भटकी मांजर आमच्या जिन्याखाली, कूलरच्या जुन्या खोक्यात व्याली. तीन पिल्लं आहेत. डोळे उघडलेत, चालताना मागचे पाय अजून फेंगडे पडतात. आई नीट पाजते, म्हणून पिल्लांना हात लावत नाही.

आधी तिला गाईचं दूध दिलं, तर जुलाब झाले. आता बिनमिठाचं उकडलेलं चिकन खाते. उन्हासाठी खोक्यावर ओलं पोतं टाकतो. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, त्यामुळे आत घेता येत नाही. अजून कुणाला चावली-ओरबाडलेली नाही.

पिल्लं दोन महिन्यांची झाली की चांगल्या घरी देऊ. खरी काळजी आईची. पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहते, आणि एक बोका रोज रात्री कंपाउंडवर येऊन ओरडतो. खर्चाची तयारी आहे, पण ती हाती लागत नाही. टोपलीखाली धरायला गेलो तर रात्रभर फिरकली नाही, पिल्लं उपाशी केकाटत राहिली. पुन्हा तसं नको.

पिल्लं किती आठवड्यांची झाल्यावर तिची नसबंदी करता येईल? इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कुणी भटक्या मांजरीची करून घेतली आहे का? आणि पकडायचा पिंजरा परभणीत कुठे मिळेल?