मदत हवी आहे: ड्रेनेज लाईनच्या कॅमेरा तपासणीला पुण्यात किती खर्च येतो?

नमस्कार मंडळी. कोथरूडमधली आमची १२ फ्लॅटची सोसायटी, बांधकाम १९८६चं. मागच्या चेंबरपासून गेटपर्यंतची लाईन साधारण ३५ मीटर, सहा इंची, जुने चिनी मातीचे पाईप. जूनपासून तीनदा तुंबली. तळमजल्यावरच्या आजींच्या बाथरूममध्ये घाण पाणी उलटं येतं, बघवत नाही. दोनदा जेटिंग केलं (जोरदार दाबाच्या पाण्याने लाईन साफ करणं), एकदा सळया घातल्या. दर वेळी तिसऱ्या आणि चौथ्या चेंबरच्या मध्येच अडतं. शेवटच्या वेळी बारीक मुळं बाहेर आली. कुंपणाला लागून पिंपळ आहे. रस्त्यावरची महापालिकेची लाईन वाहती आहे, तेही बघितलंय.

प्लंबर म्हणतो, सगळं उकरून पीव्हीसी टाका. पण वर पार्किंगचं काँक्रीट आहे, म्हणून आधी नेमकं कुठे फुटलंय ते कळायला हवं. कॅमेरा तपासणीची दोन कोटेशन आली, एकाचा दर मीटरमागे, दुसऱ्याचा दिवसामागे; तुलनाच करता येईना. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, ही आमची अट.

अलीकडे कोणी करून घेतलं असेल तर मीटरमागे किती पडले? आधीचं जेटिंग, रेकॉर्डिंग आणि दोष किती अंतरावर, किती खोल याचा रिपोर्ट त्यातच होता, की वेगळे पैसे लागले?