रेंगाळणं हीच तर शिक्षा
‘इन ब्रूज’ (2008) हा सिनेमा पहिला तासभर नुसता रेंगाळतो, ही तक्रार काही पटली नाही. अहो, रेंगाळणं हीच तर भाडोत्री मारेकरी रेची शिक्षा! सुपारी वाजवताना चुकून लहान मुलगा मेलेला, आणि आता बॉसचा फोन येईपर्यंत बेल्जियममधल्या ब्रूज या चित्रासारख्या गावात बसून राहायचं. त्याचा जोडीदार केन मात्र मजेत मनोरा चढतो, चर्च बघतो. संग्रहालयात दोघं चित्रकार बॉशच्या ‘अंतिम निवाड्या’समोर उभे राहतात, तो प्रसंग परत बघा. धड स्वर्ग नाही, धड नरक नाही. रेसाठी ब्रूज म्हणजे तेच. रे झालेल्या कॉलिन फॅरेलचा अर्धा अभिनय तर भुवयाच करतात. (गोल्डन ग्लोब उगाच नाही मिळालं.) बॉस झालेला रेफ फाइन्स उशिरा येतो खरा, पण त्याआधी फोनवरच घाम फोडतो.