मदत हवी आहे: व्हॅनवरच्या उपग्रह इंटरनेटचे दर वाढले, डिश मुंबईला आणता येईल का?

मुलुंडचे काका:
नमस्कार मंडळी. मुलगा आणि सूनबाई 2023 पासून अमेरिकेत व्हॅनमध्ये राहतात. आज युटा, उद्या नेवाडा. दोघांचं काम लॅपटॉपवर आणि मोबाईलला मैलोन्‌मैल रेंज नाही, म्हणून टपावर डिश बसवलीय. घेतली तेव्हा अमर्याद डेटाचे महिन्याला 150 डॉलर होते, आता 165. आपल्याकडचे चौदा हजारांच्या वर! वर संध्याकाळी गर्दीच्या जागी वेग पडतो, कारण फिरत्या ग्राहकांचा नंबर घरगुती ग्राहकांच्या मागे.

पण पोरगं चिडलंय ते वेगळ्याच कारणाने. पूर्वी वापरायचं नसेल तेव्हा कनेक्शन फुकट थांबवता यायचं. आता नुसतं जिवंत ठेवायलाही महिन्याला 5 डॉलर. "बाबा, वापर नाही तर भाडं कसलं?" म्हणाला. मी गप्प. टेलिफोन खात्याच्या खिडकीवर बसून मीच वर्षानुवर्षं लोकांना सांगितलंय की फोन उचलला नाही तरी भाडं भरावंच लागेल.

नोव्हेंबरात दोघं चार महिने इकडे येणार आहेत. गुहागरच्या घरी रेंज नाही, तर डिश बॅगेतूनच आणतो म्हणतोय. मोठ्या वहीएवढी तर आहे. (आमच्या वेळी पुण्याजवळच्या आर्वीला उपग्रहाशी संपर्क ठेवणारं केंद्र होतं, त्याची डिश जवळपास 30 मीटरची होती!) विमानतळावर अडवतील का? आणि परत गेल्यावर प्लॅन कोणता घ्यावा?

दर्यावर्दी:
काका, आणू देऊ नका. सॅटेलाइट फोन असो की अशी इंटरनेटची डिश, दूरसंचार खात्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आपल्याकडे चालत नाही. सॅटफोन घेऊन आलेले परदेशी पर्यटक विमानतळावर पकडले गेलेत. आम्हा जहाजावरच्यांनाही बंदरात शिरताना याची काळजी असते. शिवाय डिश आपण कुठे आहोत ते कंपनीला कळवते. जिथे सेवा नाही तिथे ती नुसती थाळी.

बिनतारी:
दर उतरतील या आशेवर राहू नका. जुने उपग्रह 36 हजार किलोमीटरवर, एकाच जागी ठाण मांडून. हे नवे साधारण 550 किलोमीटरवर फिरतात, म्हणून बोलताना आवाज मागे पडत नाही. पण एकाचं आयुष्य पाचेक वर्षं, त्यामुळे सतत नवे सोडावे लागतात, हजारोंनी. खर्च संपतच नाही.

प्लॅनचं म्हणाल तर आधी महिन्याचा वापर बघा. एचडी सिनेमा तासाला 3 जीबीपर्यंत खातो. फोटोंचा बॅकअप आणि लॅपटॉपचे अपडेट आपोआप चालू असतील तर ते आधी बंद करा, बहुतेक गळती तिथेच असते. सिनेमे गावातल्या वायफायवर उतरवून घेतले तर मोजक्या डेटाच्या स्वस्त प्लॅनमध्ये ऑफिसचं काम भागू शकतं. दोघांच्या व्हिडिओ मीटिंग रोज चार-चार तास असतील तर मात्र नाही भागणार.

मुलुंडचे काका:
दोघांचेही आभार. आत्ताच फोन केला. डिश मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवणार. वापर तपासला तर सूनबाईच्या मीटिंगपेक्षा चिरंजीवांच्या क्रिकेटलाच जास्त डेटा गेलाय. त्यावर तिकडे चर्चा सुरू आहे, मी फोन ठेवला. आता राहिलं गुहागर. वेळणेश्वरच्या बाजूला घराच्या आत कोणत्या सिमला रेंज येते, कोणाला अनुभव आहे का? गच्चीवर नको, गुडघे दुखतात.