स्ट्रिंगर कुजलाय: सागाचा तुकडा जोडायचा की इपॉक्सी-ग्लासने नव्याने बांधायचा?

खाडीवरचा
३० फुटी फायबरची होडी. इंजिन ज्या दोन लांब तुळयांवर, म्हणजे स्ट्रिंगरवर, बसतं त्यातली डावी गेली. वरून फायबर ठणठणीत, पण बोल्टाशेजारी ड्रिल घातलं तर भुशाऐवजी काळा चिखल. पाणी बोल्टाच्या भोकातूनच मुरलंय. मिस्त्री म्हणतो, खराब तेवढं कापू, सागाचा तुकडा बसवू, वर काचतंतूंच्या मॅटचे दोन थर. माझं मत: लाकूड सगळं काढायचं, जागी फोमची पट्टी, वर इपॉक्सीत (दोन भाग कालवले की कडक होणारं रेझिन) ग्लासचं, म्हणजे काचतंतूंचं, कापड. फोम नुसता साचा, भार कापड घेतं.

दर्यासारंग
आणि बोल्ट आवळलात की फोम चेपणार. इंजिन दिवसभर थरथरतं. तिथे कडक लाकूडच हवं.

खाडीवरचा
बोल्टाच्या जागी फोम कोरून घट्ट इपॉक्सी भरायचं, वाळलं की त्यातून बारीक भोक. मग लाकडाचं कामच काय?

जेटीकर
इपॉक्सीचं कौतुक पुरे. होडी पॉलिस्टर रेझिनची, दुरुस्तीही त्याच रेझिनने करा. निम्म्याहून कमी पैशांत होईल.

ओहोटी
जेटीकर, नवी होडी साच्यात घडताना पॉलिस्टर ठीक, तेव्हा ताजे थर एकमेकांत मुरतात. जुन्या वाळलेल्या फायबरवर ते नुसतं चिकटतं, वर आकसतं. लाकडावरून तर मी हाताने सोललंय, केळीच्या सोपटासारखं.
खाडीवरचे, एक लक्षात ठेवा. इपॉक्सीबरोबर दुकानातली नेहमीची चुरा-मॅट (काचतंतूंचे तुकडे गोंदाने चिकटवलेली) घेऊ नका. तिचा गोंद पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत ती ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही. ४५ अंशांत शिवलेलं बायअ‍ॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं, कापड मागा. तुळई जिथे तळाला मिळते तो काटकोन आधी दाट इपॉक्सीने गोल करून घ्या, नाहीतर कापडाखाली हवा राहते.

दर्यासारंग
करणार कधी पण? होड्या वर येतात त्या मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै. तेव्हा कोकणात डब्यातलं मीठ पाणी सोडतं. मी केलंय हे, झापाखाली बसून. सकाळी वर मेणचट थर दिसला, त्याच्यावरच दुसरा हात मारला. दिवाळीला सगळं सुटून हातात.

खाडीवरचा
तो थर साध्या पाण्याने घासणी मारून जातो. चूक इपॉक्सीची नाही, न धुण्याची.

दर्यासारंग
मान्य, धुतलं नाही. आणि आतलं फायबर ओलं होतं ते? ते काय घासणीने सुकतं?

खाडीवरचा
म्हणून मे महिन्यातच करू म्हणतोय.

दर्यासारंग
मे महिन्यात धंदा सोडून होडी वर? हप्ता काय फोम भरणार?

ओहोटी
मे महिन्यात वेगळीच गंमत. मगभर इपॉक्सी कालवून ठेवलंत तर पाचदहा मिनिटांत धूर. थोडं थोडं कालवा, पसरट ट्रेमध्ये ओता. आणि दोन्ही तुळया एकदम कापू नका, तळाचा आकार बसेल. खालून टेकू द्या, एक बाजू पुरी करून मग दुसरी. उजवीला ड्रिल घातलंत का?

खाडीवरचा
घातलं. भुसा कोरडा आला. पण बोल्टापासून हातभर लांब घातलं होतं.

ओहोटी
बोल्टाशेजारी घाला.