साडेसातनंतर आरटीकेचा फिक्स सुटतो (मोहोळ, मार्च)

मोजणी_मोहोळ
मोहोळजवळ आरटीकेने (उपग्रहांचे सिग्नल आणि जवळच्या बेस स्टेशनची दुरुस्ती वापरून सेंटिमीटरपर्यंतची मोजणी) शेतजमीन मोजतोय. सोलापूरचं ऊन माहीतच आहे, म्हणून काम पाचनंतर. सातपर्यंत फिक्स (सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान) पक्का, साडेसात-आठला फ्लोट (कच्चं, कमी अचूक स्थान), साडेदहाला परत ठीक. आभाळ निरभ्र, बेस ६ किमीवर, रेडिओ लिंक चालू, केबल बदलून झाली. केपी निर्देशांकही (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ दाखवणारा आकडा) २ च होता, म्हणजे चुंबकीय वादळ नाही. एल-५ (उपग्रहांची आणखी एक वारंवारता) वाला रिसीव्हर घ्यावा का?

एफ_थर
पैसे घालू नका. वेळ आणि महिना बघता हे प्लाझ्मा बुडबुडे (आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागात, तयार होणारे विरळ पट्टे) आहेत, आणि त्यांना वादळ लागत नाही.

सूर्य मावळला की आयनांबराच्या १००-१२० किमीवरच्या ई थरातले आयन आणि इलेक्ट्रॉन झपाट्याने एकमेकांत मिसळून संपतात. वरचा एफ थर टिकतो. मावळतीचं विद्युतक्षेत्र त्याला उलट आणखी वर उचलतं. दाट प्लाझ्मा वर, विरळ खाली, म्हणजे तेलावर पाणी ओतल्यासारखं. ते उलटतं आणि विरळ प्लाझ्माचा बुडबुडा वर घुसतो. सुरुवात चुंबकीय विषुववृत्तावर होते, ते भारताच्या दक्षिण टोकावरून जातं (केरळातलं थुंबा रॉकेट केंद्रासाठी त्यामुळेच निवडलं होतं). पुढे बुडबुडा चुंबकीय रेषांच्या बाजूने उत्तर-दक्षिण पसरतो. आपल्या डोक्यावर यायला विषुववृत्तावर त्याला साधारण ६००-६५० किमी उंची गाठावी लागते. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत ते जमतं.

आपल्याकडे हे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त का? तेव्हा मावळतीची रेषा चुंबकीय रेषांना जवळपास समांतर असते, त्यामुळे चुंबकीय रेषेच्या दोन्ही टोकांचा ई थर एकदमच विझतो आणि मावळतीचं विद्युतक्षेत्र जोर धरतं.

रोव्हर_बार्शी
एल-५ बद्दल: दोन वारंवारता वापरून आयनांबरात सिग्नलला झालेला उशीर वजा करता येतो, सिग्नलची लुकलुक वजा करता येत नाही. बुडबुड्याच्या आतल्या काहीशे मीटरच्या गाठींनी सिग्नल विखुरतो, त्याचा जोर वरखाली होतो, फेज निसटते. सायकल स्लिप झाली (रिसीव्हरची लहरींची मोजदाद तुटली) की फिक्स गेलाच. वारंवारता कमी तसा त्रास जास्त. नेहमीच्या एल-१ च्या तुलनेत कमी वारंवारतेच्या एल-५ वर एस-४ (लुकलुकीचं माप) साधारण दीडपट. उपयोग होतो तो जास्त उपग्रहांचा: जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू (इतर देशांच्या उपग्रह प्रणाली) सगळे चालू ठेवा.

आधी खात्री करा. बेसवर सात ते अकरा १ हर्ट्झने (सेकंदाला एक नोंद) कच्चा डेटा साठवा आणि प्रत्येक उपग्रहाचा सिग्नल-नॉइज आलेख काढा. दक्षिणेकडचे क्षितिजाजवळचे उपग्रह आधी थरथरले आणि बाकीचे शांत राहिले, तर बुडबुडा. सगळे एकदम पडले, तर अँटेना किंवा जवळचा ट्रान्समीटर तपासा.

मोजणी_मोहोळ
दक्षिणच का, साहेब?

एफ_थर
क्षितिजापासून २० अंशांवरच्या उपग्रहाचा सिग्नल ३५० किमी उंचीचा एफ थर तुमच्यापासून जवळपास ७८० किमी दूर भेदतो. दक्षिणेला असेल तर तो बिंदू कोइमतूरच्याही थोडा खाली येतो, तिथे बुडबुडे आधी पोचतात.

रोव्हर_बार्शी
म्हणून रात्री कोनाची मर्यादा (याच्या खालचे उपग्रह रिसीव्हर वापरत नाही) १० वरून २० अंश करा, पण उपग्रह पुरेसे उरतात का ते बघून. बांधाचे कोपरे सातच्या आत उरका. फ्लोटमध्ये घेतलेला बिंदू ठेवू नका. फिक्स परत आला तरी रोव्हर (शेतात फिरवायचा रिसीव्हर) पुन्हा इनिशियलाइज करून (फिक्स नव्याने काढायला लावून) ओळखीच्या बिंदूवर तपासा, कारण या वेळेत चुकीचा फिक्सही लागतो आणि पडद्यावर तो खऱ्यासारखाच दिसतो.