चार तासांत तीन बेटं: डॉल्फिन आधी की स्नॉर्केलिंग आधी?

काठावरचा:
सहा जणांसाठी बोट ठरवली आहे, सकाळी ७ ते ११. पहिल्या बेटाच्या आडोशाला प्रवाळ आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेटामधल्या चिंचोळ्या पाण्यात डॉल्फिन दिसतात, आणि तिसऱ्यावर समुद्रपक्ष्यांची वीण चालू आहे. तिथी अष्टमी, पूर्ण भरती ९:२० ला. दोघांना पोहता येत नाही, एकाला उणे साडेतीनचा चष्मा, एकाला भरघोस मिशी. क्रम कसा लावावा? लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग जमतं का? आणि भाड्याच्या मास्कवर वाफ धरते, पाणी शिरतं, त्याला काय करायचं?

शिडाची_दोरी:
क्रम नकाशावरून नाही, भरतीवरून लावा. अष्टमी म्हणजे भांग, लहान भरती-ओहोटीचे दिवस. उधाणापेक्षा, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीपेक्षा, पाणी कमी चढतं-उतरतं, ओढ कमी, गाळही कमी ढवळतो. दिवस चांगला निवडलाय.

भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी सरकतं, टोकाला जवळजवळ थांबतं. म्हणून पाण्यात ८:४५ ते ९:४५. भरतीचं पाणी बाहेरून आलेलं असतं, ओहोटीच्या पाण्यापेक्षा बहुधा स्वच्छ. मात्र दोन बेटांमधल्या चिंचोळ्या जागी प्रवाह भरतीच्या वेळेलाच थांबेल असं नाही, तिथली वेळ तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्यालाच विचारा.

डॉल्फिन त्याआधी, ७ ते ८:१५. खारे वारे सुटायच्या आत पाणी सपाट असतं, त्यात पाठीवरचा पर दुरून उठून दिसतो. वारा दहा-बारा नॉटच्या वर गेला की लाटांना पांढरे तुरे येतात आणि प्रत्येक तुरा डॉल्फिन वाटायला लागतो. ऊन पाठीशी ठेवा, पक्षी एकाच जागी सूर मारताना दिसले तर तिकडे नजर लावा. बोट समोरून किंवा थेट मागून घालायची नाही. बाजूने, समांतर, अगदी हळू. बऱ्याच देशांच्या नियमांत ५० मीटर अंतर आहे, पिल्लू असेल तर आणखी लांब. इंजिन मंद ठेवून थांबलात तर तेच जवळ येतात, पाठलाग केला तर बुडी मारून भलतीकडे निघतात.

तिसऱ्या बेटावर उतरू नका, लांबून फेरी मारा. माणूस दिसला की पक्षी अंड्यांवरून उठतात, आणि उघडी अंडी उन्हात थोड्या वेळातच खराब होतात.

तीन ठिकाणी वीस-वीस मिनिटं उतरण्याचा मोह टाळा. फिन (पायात घालायचे पंखे), मास्क, शिडी यातच दर वेळी पंधरा मिनिटं जातात.

फुंकर:
मास्कपुरतं लिहितो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकीशी हवा आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा घ्या, पट्टा आवळून उपयोग नाही. पट्टा जास्त आवळला की सिलिकॉनची कड दुमडते आणि तिथूनच पाणी शिरतं. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा. कडेखाली एकही केस नको.

मिशी: नाकाच्या लगेच खालची अर्धा सेंटिमीटर पट्टी कापली तरी भागतं. कापायची नसेल तर सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन रबराला खातं, आणि भाड्याच्या मास्कची कड कशाची आहे याची खात्री नसते.

वाफ: टूथपेस्टने काच घासायची ती नव्या मास्कची, कारण तिच्यावर कारखान्यातला थर असतो. वापरलेल्या मास्कला लहान मुलांच्या शाम्पूचे दोन थेंब आतून चोळा आणि समुद्राच्या पाण्यात एकदाच विसळा. जास्त धुतलात तर थर निघून जातो. मास्क कपाळावर चढवून बसू नका, घामाने पुन्हा वाफ धरते. श्वास तोंडानेच, नाकाने सोडला की काच गेलीच. सनस्क्रीन कपाळाला लावू नका, ओघळून डोळ्यांत जातं. अंगाला पूर्ण बाह्यांचा लायक्राचा तंग टी-शर्ट बरा, पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू मात्र विसरू नका.

आत पाणी आलं तर मान किंचित वर, चौकटीची वरची कड बोटांनी दाबून नाकाने फुंका. डोकं पाण्याबाहेर काढायची गरज नाही.

चष्मा: अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या तयार भिंगांचे मास्क मिळतात. पाण्याखाली वस्तू तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, त्यामुळे उणे तीनचाही चालून जातो. चष्म्यावर मास्क घालू नका, काडी कड उचलते.

उथळपाणी:
पोहता न येणाऱ्यांबद्दल. फोमचं जाड लाइफ जॅकेट माणसाला उताणं ठेवायला बनवलेलं असतं, म्हणून पालथं पडलं की हनुवटीशी चढतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा. फुंकून फुगवायची स्नॉर्केल जॅकेटं पोहणाऱ्यांसाठी ठीक. या दोघांना फोमचंच, शिवाय रिंग धरून, गाइड शेजारी, आणि शिडीपासून लांब न जाता. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नळीतून पन्नास श्वास घेऊन बघा. जमलं नाही तर बोटीवरून बघणंही वाईट नाही.

पूर्ण चेहऱ्याचा मास्क नवख्यांना सोपा वाटतो, पण घाबरल्यावर तो पटकन निघत नाही, आणि आत सोडलेला श्वास पुन्हा घेतला जाऊ शकतो. टाळा.

माणसं पाण्यात असताना इंजिन न्यूट्रलला नको, बंदच हवं. मागे वीसेक मीटर दोरी आणि तिच्या टोकाला तरंगता डबा सोडायला सांगा. ओढ लागली तर तीच धरायची. जाताना प्रवाहाविरुद्ध, म्हणजे दमल्यावर पाणीच बोटीकडे आणतं. शिडी चढण्याआधी फिन काढून वर द्यायचे.

मजेत_राहा:
पाव टाका, मासे हातावर येतात. मुलं खूश.

उथळपाणी:
@मजेत_राहा, मासे येतात आणि बोटंही चावतात. शेवाळ चरणारे मासे पावावर पोट भरायला लागले तर प्रवाळावरचं शेवाळ कोण खाणार? कृपया नको.

काठावरचा:
मनापासून आभार. दोन शंका: बोट लागण्याची गोळी कधी घ्यायची? आणि कासव दिसलं तर?

फुंकर:
मेक्लिझिनसारखी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, म्हणून गोळी घेऊन पाण्यात उतरावं की नाही हे डॉक्टरांनाच विचारा. रिकाम्या पोटी निघू नका. बोटीच्या मधोमध, डिझेलच्या धुरापासून लांब बसा, मोबाईल खिशात, नजर क्षितिजावर.

शिडाची_दोरी:
कासवाच्या वर जाऊन तरंगू नका. त्याला श्वासासाठी वर यायचं असतं, तुम्ही वाट अडवलीत तर ते दम राखून लांब पळतं. तीन-चार मीटर बाजूला स्थिर राहा, पाय मारू नका. चोच टोकदार आणि पाठीवरची खवलं कौलांसारखी एकमेकांवर असतील तर हॉक्सबिल. चेहरा आखूड आणि बोथट, खवलं शेजारी-शेजारी, तर हिरवं कासव.

काठावरचा:
आणि बोट एक दिवस पुढे ढकलावी लागली तर?

शिडाची_दोरी:
भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, पण भांगाच्या दिवसांत तासाच्याही वर जाते. तक्ता बघूनच ठरवा. साडेदहाची भरती निघाली तर पाण्यात १० ते १०:४५, डॉल्फिन ठरल्या वेळीच. पक्ष्यांच्या बेटाची फेरी तेव्हा डॉल्फिननंतर लगेच उरका, शेवटाला ठेवली तर वाऱ्यात सापडाल.