भंगारवाला पाण्याच्या बाटल्या घेईना, गावानं काय करावं?

बचतगटवाली, दारव्हा तालुका:
नमस्कार मंडळी. आमच्या गावात सायकलवर भंगारवाले भाऊ येतात. आधी लोखंड, फुटकी घमेली, पाण्याच्या बाटल्या, सारंच तराजूत घालायचे. लेकरं बाटल्या जमवून ठेवायची आणि त्यांच्याकडून फुटाणे घ्यायची. आता लोखंड-तांबं तेवढं घेतात, बाटल्यांचं पोतं दाखवलं की हात जोडतात.

मग त्या बाटल्या उकिरड्यावर नाहीतर नालीत जातात. उकिरड्याचं शेणखत उन्हाळ्यात वावरात पडतं, त्याच्यासोबत बाटल्या आणि झाकणंही पडतात. डवरणीला, म्हणजे कोळपणीला निघालं की डवऱ्याच्या पासेला बाटली अडकते. बैल थांबवायचे, बाटली ओढून काढायची, धुऱ्यावर फेकायची. पुढच्या पावसात ती पुन्हा कुणाच्या तरी वावरात.

लग्नसराईत तर जीव जळतो. हळदीपासून २०० मिलीच्या बाटल्या वाटतात, दोन घोट पिऊन उरलेली खुर्चीखाली. मांडव निघाला की ढीग करून पेटवून देतात, आणि तो धूर अंगणवाडीच्या खिडकीतून आत शिरतो.

गटातल्या आम्ही बायका घरोघरच्या बाटल्या गोळा करायला तयार आहोत, समाजमंदिरामागची खोलीही मिळते आहे. पण भंगारवाला घेत का नाही? त्यानं घ्यावा असा माल कसा तयार करायचा? आणि लोकांना कसं पटवायचं? ग्रामसभेत विषय काढला तर ‘दहा रुपयांसाठी घाण कोण चिवडते’ असं ऐकावं लागलं.

भंगार दुकान, पुलगाव:
ताई, सायकलवाल्यावर राग धरू नका. लिटरच्या बाटल्या किलोत चाळीस-पन्नास बसतात, लग्नातल्या छोट्या तर शंभराच्या आसपास. पोतं भरलेलं दिसते, काट्यावर काही चढत नाही. त्यात कोणत्या बाटलीत पाणी, कोणत्यात माती, कोणत्यात खर्र्याची थुंकी. असा माल पुढचा व्यापारी परत पाठवते. भावही एकसारखा राहत नाही. कच्चं तेल उतरलं की कारखान्याला नवं प्लास्टिक परवडते आणि जुन्याला कोणी विचारत नाही.

तुम्ही असं करा. झाकण काढून उरलेलं पाणी ओता, बाटली पायाखाली दाबून चपटी करा. बुडाशी त्रिकोणात १ आकडा असते ती पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची बाटली. पांढरी पारदर्शक एका पोत्यात, हिरवी दुसऱ्या, कारण पांढरीला भाव जास्त. झाकणाचं प्लास्टिक वेगळं, त्याचंही पोतं वेगळं. तेलाची बाटली त्यात नको. फवारणीच्या औषधाची तर एकही नको, बायका हातानं निवडणार आहेत हे ध्यानात ठेवा. पेटच्या बाटल्यांचे तुकडे करून, वितळवून धागा काढतात, तोच उशा-गाद्यांत भरतात.

आंब्याच्या पेयाचे कागदी डबे आमच्याकडे चालत नाहीत. कागद, प्लास्टिक अन् अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा एकाला एक चिकटवलेला असते, तो सोडवणार कोण? अ‍ॅल्युमिनियमचे कॅन मात्र कितीही आणा. एका पोत्यासाठी गाडी निघत नाही, खोलीभर माल जमला की दुकानदार स्वतःहून येते.

शिक्षिका, वर्धा जिल्हा:
ताई, काचेचाही विचार करा. आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पिणारे तरी पितातच. रिकामी बाटली घरी ठेवायची सोय नाही, भंगारात द्यायची लाज, म्हणून ती कालव्याच्या पाळीवर फुटते. शेजाऱ्यांच्या बैलाच्या खुरात काच गेली आणि ऐन डवरणीत जोडी गोठ्यात बसून राहिली.

तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात वन्यप्राण्यांच्या पायात काचा जाऊ लागल्या, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयानं यात लक्ष घातलं. २०२२ पासून तिथल्या सरकारी दारूदुकानात बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करतात. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीतही बाटलीवर परतीची किंमत छापायची गोष्ट होती. गावातल्या किराणा दुकानात मी तरी असे पैसे परत मिळताना पाहिले नाहीत. रिकाम्या बाटलीला किंमत असली की ती रस्त्यावर पडून राहत नाही. सोड्याच्या काचेच्या बाटलीला दुकानदार अनामत घ्यायचा तेव्हा ती कुणी फेकत नव्हतं.

एक विनंती. पोरांना गावभर कचरा वेचायला पाठवू नका. काच असते, साप-विंचू असतात. घरची बाटली घरातच वेगळी राहील एवढं त्यांच्याकडून करून घ्या, ती त्या कामात आईबापापेक्षा पक्की निघतात.

ग्रामपंचायत सदस्य, आर्णी:
वहिनी, स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० ला सुरू झाला. त्यात दर तालुक्याला प्लास्टिक कचऱ्याच्या केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. तुमच्या पंचायत समितीत जाऊन विचारा, केंद्र उभं आहे का आणि कोणत्या गावांचा माल घेते. तोंडी नको, गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या अन् पोच घ्या.

लग्नाचं म्हणाल तर गोळा करण्यापेक्षा बाटली येऊच देऊ नये. गटानं स्टीलचे ग्लास घ्यावेत आणि मांडवाला जारसोबत भाड्यानं द्यावेत. एका प्रतिष्ठित घरच्या लग्नात चाललं की बाकीचे मागून येतात. ग्रामसभेत भाषणानं जे होत नाही ते पंगतीत होते.

बचतगटवाली, दारव्हा तालुका:
सगळ्यांचे आभार. अर्ज लिहायला घेतला आहे. काचेसाठी वेगळा ड्रम ठेवू, तो पुरुषांनीच उचलायचा.

ग्लासांची कल्पना गटात आवडली, पण एक अट मी आताच घातली आहे. ग्लास धुण्याची मजुरी भाड्यात धरायची. नाहीतर गावाच्या स्वच्छतेचं काम म्हणत दोन-दोनशे ग्लास त्याच चार बायका फुकट घासत बसतील, आणि एका लग्नसराईत गट मोडेल.

पुलगावचे भाऊ, खोली भरल्यावर तुमची गाडी दारव्ह्यापर्यंत येईल का, की यवतमाळातलाच कुणी पाहू? आणि दाबलेल्या बाटल्या पोत्यातच ठेवायच्या, की सुतळीनं गठ्ठे बांधले तर भाव वाढतो?